मैदानाआधीचा निकाल

अमेरिकन फुटबॉलचे शौकीन खऱ्या खेळाडूंची आळीपाळीने निवड करून कागदावर आपापले संघ रचतात आणि मैदानावरील कामगिरीवरून गुण मोजतात. १९६२ साली ओकलंडच्या मंडळींनी हा खेळ योजला. निवड संपताच, एकही सामना होण्याआधी, प्रत्येक संघाला श्रेणी दिली जाते. हा अंदाज निरुपद्रवी. हंगाम त्याची चूक दुरुस्त करतो.

परंतु आपण माणसांनाही अशीच श्रेणी देतो, तेव्हा? खऱ्या संघांच्या २००० सालच्या निवडीत टॉम ब्रेडीचा क्रमांक १९९ वा होता. २००१ मध्ये मुख्य खेळाडू जखमी झाला, तेव्हा त्याला मैदान मिळाले. पुढे त्याने सात वेळा अजिंक्यपद मिळवले.

ज्याला आपण मैदानच देत नाही, त्याच्याविषयीचा आपला निकाल कधीच खोटा ठरत नाही. आपण अंदाज जरूर करावा. संधी मात्र नाकारू नये.