अर्धी क्लिप

ही गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली निवडणूक मात्र खरी: तैवानची, 13 जानेवारी 2024 ची.

ताइनानजवळच्या एका खेड्यात एक म्हातारा राहत होता. त्याची माशांची तळी होती. नात तैपेईला शिकत होती, ती मतदानासाठी रेल्वेने घरी आली होती. तैवानमध्ये ज्याचं नाव जिथे नोंदलेलं असेल, तिथे जाऊनच त्याला मत द्यावं लागतं. टपालाने मत पाठवायची सोय नाही. दुपारी चारला मतदान संपलं आणि त्याच केंद्रावर लगेच मोजणी सुरू झाली.

ही मोजणी बघण्यासारखी असते. एक कर्मचारी पेटीतून एकेक मतपत्रिका काढतो, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरतो आणि मत कुणाला पडलं ते मोठ्याने सांगतो. दुसरा भिंतीवरच्या कागदावर त्या उमेदवाराच्या रकान्यात रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर पुरं झालं की पाच मतं. गावातल्या कुणीही यावं, उभं राहून पाहावं, मोबाइलवर चित्रण करावं.

म्हातारा दर निवडणुकीला शेवटची पत्रिका निघेपर्यंत तिथे उभा असे. या वेळी नातही शेजारी मोबाइल धरून उभी होती. मध्येच रेघा ओढणाऱ्या बाईंचा हात चुकला. नाव पुकारलं एकाचं, रेघ पडली दुसऱ्याच्या रकान्यात.

"चुकलं, चुकलं!" म्हातारा ओरडला.

मोजणी थांबली. केंद्रप्रमुखांनी पत्रिका पुन्हा पाहिली, रेघ दुरुस्त करून घेतली, आणि काम पुढे सुरू झालं. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

रात्री मामाने लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या घरच्या गटात एक क्लिप टाकली. खाली लिहिलं होतं, "बघा, उघड उघड चोरी!" नातीने ती पाहिली आणि दचकली. तीच भिंत, त्याच बाई. क्लिप चुकीची रेघ पडताच तोडलेली होती. आजोबांचा आवाज त्यात नव्हता.

त्या निवडणुकीत मोजणीत घोळ झाल्याचे व्हिडिओ खरोखरच फिरले, आणि तिथल्या निवडणूक आयोगाला व तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थांना खुलासे करावे लागले. फॉक्सकॉनचे संस्थापक टेरी गोउ यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून नोव्हेंबर 2023 मध्येच माघार घेतली होती. तरी ते दुसऱ्या एका उमेदवाराला पाठिंबा देत आहेत, अशी बनावट वाटणारी ध्वनिफीत पसरवली गेली. मायक्रोसॉफ्टने हे काम चीनशी संबंधित एका गटाचं असल्याचं सांगितलं. पण मला जास्त धास्ती वाटते ती अर्ध्या क्लिपची. तिच्यात खोटं काहीच नसतं. चित्रण आपल्यातल्याच कुणाचं, घाई आपल्याच माणसांची. बाहेरच्याने फक्त कात्री चालवायची.

"आजोबा, यातून कुणाला काय मिळतं?" नातीने विचारलं. "मत तर एकही बदललं नाही."

"तुझी आजी होती तेव्हा बाजारात कुणीतरी उठवलं, की आपल्या तळ्याचं पाणी नासलंय," म्हातारा म्हणाला. "एक मासा मेला नव्हता, पण कुणी घेईना. उठवणाऱ्याला तळ्यापर्यंत यावंही लागलं नाही. मतांचंही तसंच बघ. पेटीला हात कशाला लावायचा? मोजणीवरचा भरवसा उडाला की निवडणूक गेलीच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गिऱ्हाइकांना तळ्यावर बोलावलं आणि त्यांच्यासमोर जाळं टाकलं."

नातीने मामाला फोन लावला. "मामा, ती क्लिप आपल्याच केंद्रावरची आहे. पुढे काय झालं ते माझ्याकडे आहे."

मामा आधी चिडला. "म्हणजे रेघ चुकली हे खरंच ना?"

"खरंच. आणि ती दुरुस्त करायला लावली ती आजोबांनी. तुम्ही पूर्ण चित्रण तर बघा."

तैवानने 2019 च्या शेवटच्या दिवशी कायदा करून शत्रुराष्ट्राच्या पैशावर किंवा सांगण्यावरून निवडणुकीत प्रचार करणं गुन्हा ठरवलं. असा कायदा हवाच. पण रात्री क्लिप पुढे ढकलणाऱ्या बोटापाशी कायदा वेळेवर पोचत नाही. तिथे फोन करणारी नात लागते, आणि ऐकून घेणारा मामा लागतो.

मामाने पूर्ण चित्रण पाहिलं. मग ज्या ज्या गटांत त्याने क्लिप टाकली होती, त्या प्रत्येक गटात त्याने लिहिलं, "मघाची क्लिप अर्धवट होती. मी शहानिशा न करता पाठवली. चूक तिथेच दुरुस्त झाली होती, आणि दाखवून देणारे माझे वडील होते." एका गटातून त्याला काढून टाकलं. दुसऱ्यात कुणी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यात एका बाईंनी विचारलं, पूर्ण चित्रण मिळेल का, त्यांच्या बहिणीनेही तीच क्लिप पुढे पाठवली आहे. नातीने ते त्याच वेळी पाठवून दिलं.