तांदळासाठी नियम होता

मध्यान्ह भोजनाच्या २०१५च्या केंद्रीय नियमांत एक तरतूद आहे. धान्य संपलं, इंधन नव्हतं, स्वयंपाक करणारी बाई आली नाही किंवा आणखी कुठल्याही कारणानं शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर मुलाच्या वाट्याचं धान्य आणि ते शिजवण्याचा खर्च राज्य सरकारनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत अन्न सुरक्षा भत्ता म्हणून द्यायचा. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली आणि १८ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं आपणहून दखल घेऊन राज्यांना विचारलं, मुलांच्या जेवणाचं काय करताय? महाराष्ट्रात पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्यं पालकांच्या पिशव्यांत पडली. कुठे वेळेवर, कुठे उशिरा. पण मागायला आधार होता.

त्याच मुलाच्या वाचनासाठी, बेरीज-वजाबाकीसाठी असा एकही नियम नव्हता. शिकवणारा येऊ शकला नाही तर मुलाचं देणं काय, ते कधीपर्यंत आणि कोणी द्यायचं, हे आपल्या कायद्यानं कधी लिहूनच ठेवलं नाही. माझ्या मते त्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोठं अपयश हेच होतं. मोबाइल नव्हते, रेंज नव्हती, हे सगळं खरं. पण त्या उणिवा भरून काढायची जबाबदारी कोणावरच नव्हती.

वास्तविक २००९चा शिक्षण हक्क कायदा दुबळा नाही. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. सक्ती पालकावर होती. २००९च्या कायद्यानं ती उलटी फिरवली. ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे ते पुरवण्याची सरकारवरची बांधिलकी, असं कलम ८ स्पष्ट सांगतं. कायद्याच्या परिशिष्टात तासही मोजून दिले आहेत : पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. पण हे सारं शाळेची इमारत उघडी आहे असं धरून लिहिलेलं. जवळची शाळा, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, खेळाचं मैदान यांचा त्यात विचार आहे. शाळा महिनोन् महिने बंद राहिली तर काय, याचा नाही.

कायदा करणाऱ्यांना आपत्ती सुचली नव्हती, असंही म्हणता येत नाही. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं कलम २७ सांगतं आणि अपवाद म्हणून जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण यांना मुभा देतं. त्या मुभेनं गुरुजी घरोघरच्या सर्वेक्षणाला आणि तपासणी नाक्यावर गेले. त्या कामाची गरज मी नाकारत नाही. पण आपत्तीत शिक्षक कुठे जाईल ते कायद्यात लिहिलेलं होतं, विद्यार्थ्याचं काय होईल ते नव्हतं.

मग जे आलं ते मार्गदर्शक सूचनांच्या रूपानं. १४ जुलै २०२० रोजी केंद्राची ‘प्रज्ञाता’ आली : पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन तासिका, नववी ते बारावीला चार, त्याहून जास्त नको. महाराष्ट्रानंही असेच तास ठरवले. कर्नाटकनं त्याआधीच लहान वर्गांच्या ऑनलाइन तासांवर बंदी घातली होती. ८ जुलैला तिथल्या उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. मुलांच्या डोळ्यांची काळजी योग्यच होती. पण या सगळ्या सूचनांनी ठरवली ती कमाल मर्यादा. किमान किती शिकवलंच पाहिजे, हे कुठेच नव्हतं. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२०च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे दहातल्या जवळपास चार मुलांसाठी ती मर्यादा निरर्थक होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२१मध्ये, पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा ग्रामीण मुलांपैकी फक्त ८ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती.

इंग्लंडनं मात्र ऑक्टोबर २०२०मध्ये कोरोना कायद्याखाली थेट आदेश काढला : साथीच्या कारणानं मूल घरी बसलं तर दूरस्थ शिक्षण देणं शाळेचं कायदेशीर कर्तव्य. जानेवारी २०२१मध्ये सूचनांमधून किमान तासही ठरले, सगळ्यात लहानांना तीन आणि माध्यमिकला पाच. कॅलिफोर्नियानं त्याआधीच कायदा करून मुलापर्यंत उपकरण आणि इंटरनेट पोचलंय याची खात्री आणि शिक्षकाशी रोजचा थेट संवाद शाळांवर बंधनकारक केला. तिथेही गरीब मुलं मागे पडलीच. ओकलंड आणि लॉस एंजलिसचे पालक राज्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२४मध्ये तडजोड झाली : किमान दोन अब्ज डॉलर मुलांचं बुडालेलं शिक्षण भरून काढण्यासाठी. कायद्यानं सगळं साधतं असं नाही, पण काय मागायचं हे त्या पालकांना ठाऊक होतं.

आपल्याकडे असा प्रयत्न दिल्लीत झाला. १८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. मनमोहन आणि न्या. संजीव नरूला यांच्या खंडपीठानं निकाल दिला की शाळा समोरासमोर ऑनलाइन वर्ग घेणार असेल, तर वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांवरच्या मुलांना उपकरण आणि नेटपॅक तिनंच पुरवायचं. खासगी शाळांना तो खर्च सरकारकडून मागता येईल. एकाच वर्गातली काही मुलं पडद्यावर आणि काही अंधारात, हे भेदभावच आहे, हा त्यामागचा विचार. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ऑक्टोबरमध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं या विषमतेबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि सरकारांना योजना आखायला सांगितलं. तोवर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा उघडू लागल्या होत्या. पहिली ते चौथीची मुलं किमान १ डिसेंबर २०२१पर्यंत घरीच होती. मार्च २०२०मध्ये पहिलीत बसलेलं मूल आता तिसरीत होतं.

याच काळात फीचा प्रश्न मात्र मार्गी लागला. मे २०२१मध्ये राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बंद शाळांचा खर्च वाचला, म्हणून फीत १५ टक्के सूट द्या; ऑगस्टमध्ये महाराष्ट्रानंही तसा शासन निर्णय काढला. शाळेचं काय वाचलं याचा हिशेब होऊ शकला. मुलाचं काय बुडालं याचा झाला नाही.

हे गेलं ते गेलं म्हणून सोडून देता येत नाही. दिल्लीत हवेचं प्रदूषण वाढलं की वर्ग ऑनलाइन होतात; नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की अनेक मुलांचं जेवण त्यामुळे बुडतं आणि घरून शिकण्याची सोय त्यांच्याकडे नाही. आपल्याकडे अतिवृष्टी आहे, पूर आहे, उन्हाळा लांबतो आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश रात्री येतो. त्यात त्या दिवसाचं शिक्षण केव्हा आणि कसं भरून निघेल, याबद्दल ओळ नसते.

ती ओळ घालण्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३८ राज्याला नियम करण्याचा अधिकार देतं आणि महाराष्ट्राचे नियम २०११पासून आहेतच. त्यांत एवढं लिहावं : शाळा ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिली, तर शिक्षकानं प्रत्येक मुलाशी आठवड्यातून निदान दोनदा बोलायचं, फोनवर किंवा वस्तीवर जाऊन, स्वाध्याय कागदावर घरपोच द्यायचे, ऑनलाइन तास घ्यायचे तर उपकरणाचा आणि रिचार्जचा खर्च सरकारनं उचलायचा, बुडालेले तास शाळा उघडल्यावर ठरलेल्या मुदतीत भरून द्यायचे आणि त्यांची नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायची. आणि शिक्षकाला आपत्तीच्या कामावर पाठवायचं असेल, तर त्याच्या जागी मुलांकडे कोण जाईल, हे त्याच आदेशात नमूद करायचं.