नगरीचे दरवाजे आणि आपण

सुरतेत कोणासही पत्ता विचारावा, उत्तरात एखादा दरवाजा हमखास येतो. दिल्ली गेट, लाल दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा गेट, उधना दरवाजा, कतारगाम दरवाजा. त्या ठिकाणी जाऊन पाहावे तर दिसतो तो चौक, रिक्षांची रांग आणि कापडाच्या गाठी वाहणारे टेम्पो. कोट गेला, दरवाजे गेले. नावे तेवढी उरली. दरवाजा म्हणजे आतला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरविण्याची जागा. ती जागाच नाहीशी झाल्यावर हा निवाडा कोणी करावयाचा, आणि कशाच्या आधारावर? शहरात आधी आलेल्याचा अधिकार मागाहून आलेल्यापेक्षा मोठा असतो काय? आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेल्या मराठी कुटुंबांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा असे आम्हांस वाटते. कारण या शहराच्या कोटाशी आपले नाते मोठे विलक्षण आहे.

तो कोट आपल्याच भीतीने बांधला गेला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज उधन्यास येऊन पोचले आणि दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत त्यांचा तंबू पडला. मोगल सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दडून बसला. पोर्तुगीजांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून सोळाव्या शतकात बांधलेला तो किल्ला त्या दिवसांत सुभेदाराखेरीज फारशा कोणाच्या उपयोगी पडला नाही. वीरजी व्होरासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांचे वाडे लुटले गेले, शहराचा मोठा भाग जळाला. ऑक्टोबर १६७० मध्ये हे संकट पुन्हा आले. औरंगजेबाच्या आज्ञेने सुरतेभोवती पक्का तट झाला तो पहिल्या स्वारीनंतर; अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत त्याबाहेर आणखी एक कोट उभा राहिला.

या घटनेच्या दोन आठवणी आहेत आणि आपल्या घरांत त्या दोन्ही नांदतात. एक आठवण मराठी पुस्तकांतून येते. शाइस्ताखानाच्या फौजांनी तीन वर्षे मुलूख उद्ध्वस्त केला होता. ती झीज भरून काढण्यासाठी मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर घातलेला तो घाव होता. दुसरी आठवण या गावाची. तीत बायकामुलांना घेऊन नावांतून तापीपार पळणारे लोक आहेत आणि आपापल्या घरांच्या ज्वाळा दुरून पाहणारे व्यापारी आहेत. पहिली खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे की, कॅपुचिन पाद्री आंब्रोज यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, सोडून दिले. लुटीच्या धामधुमीतही, हा माणूस येथे कसा वागला, हे पाहिले गेले. तो कधी आला, कोठून आला, हे पाहिले गेले नाही. या तपशिलाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

ज्यांच्या भयाने दरवाजे लागले त्यांचेच लोक पुढे त्याच दरवाजांतून आत आले. अठराव्या शतकात सुरतेच्या उत्पन्नात पेशवे आणि गायकवाड या दोघांचाही चौथाईचा हिस्सा होता. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी आपला हक्क सोडला. गायकवाडांचा नवसारी प्रांत तर शहराच्या वेशीवरच होता. तेथील कारभारात मराठी कारकून आले, मुंबई इलाख्याच्या खात्यांत आले, रेल्वेत आले. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा अनेकांनी येथेच राहणे पसंत केले. घरात मराठी, बाजारात गुजराती, चंदी पडव्याला घारी आणि दिवाळीला चिरोटे, अशी आपली रीत पडली. सुरतेने आपल्याला १६६४ चा जाब विचारला नाही. विचारला असता तर आपल्यापाशी उत्तर काय होते?

आता आजच्या उधन्याकडे पाहावे. जेथे ती स्वारी येऊन थांबली होती, तेथूनच जळगावकडे जाणारा ताप्ती व्हॅलीचा लोहमार्ग फुटतो. या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर इकडची माणसे यंत्रमागांवर कामाला येत राहिली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत त्यांची मोठी वस्ती झाली. ओडिशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि सौराष्ट्रातूनही माणसे आली. १९०१ च्या शिरगणतीत सव्वा लाखाच्या आत असलेले हे शहर २०११ मध्ये सुमारे ४४ लाख ६७ हजारांवर गेले. म्हणजे आजच्या सुरतेत ‘जुना’ म्हणविणारा प्रत्येक जण अल्पसंख्य आहे.

अशा वेळी जुन्या घरांतून एक सूर ऐकू येतो: ‘आमची सुरत राहिली नाही.’ परप्रांतीय मजुरांविषयी तो उघडपणे निघतो; खानदेशातून आलेल्या आपल्याच भाषाबांधवांविषयी थोडा दबून. त्यांची अहिराणी आपल्या कानाला अशुद्ध वाटते, त्यांच्या गणेशोत्सवाचा गजर मोठा वाटतो, आणि आपल्या सभांना ते येत नाहीत याचे आपल्याला फारसे दुःखही होत नाही. कोट पडला तरी त्याची एखादी भिंत मनात शिल्लक राहते ती अशी.

या सुराची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. जुन्या माणसापाशी स्मृती असते. कोणत्या तलावात पाणी कोठून येत असे, कोणत्या वाड्यात कोणती शाळा भरे, हे त्याला ठाऊक असते. त्याने ग्रंथालये चालविली, वर्गण्या गोळा केल्या, झाडे लावली. गर्दी वाढली की पाणी, गटार, घरभाडे यांचा ताण त्यालाही सोसावा लागतो. जपलेल्या गोष्टीविषयी जिव्हाळा वाटणे हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच की, या जिव्हाळ्यातून मालकी निघते की जबाबदारी?

याचे उत्तर शहराच्या संकटांनी दिलेले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची वार्ता पसरली तेव्हा काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले. त्यांत नवे होते तसे जुनेही होते, मजूर होते तसे बंगलेवालेही होते. अनेक खासगी दवाखान्यांची दारेही बंद झाली. राहिले ते सरकारी रुग्णालयातले कर्मचारी, सफाई कामगार आणि ज्यांना जाण्यासाठी गावच नव्हते असे लोक. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहर झाडून-पुसून उभे राहिले, ते कोणाला हाकलून नव्हे. रोजचा झाडू, गटारे, कचऱ्याची वेळेवर उचल आणि लहानमोठ्यांस सारखाच नियम, एवढ्यानेच ते साधले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले तेव्हाही त्याने बंगला आणि झोपडी असा भेद केला नाही.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ओडिशाचे माग-कामगार ‘आम्हांला गावी जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले. तेव्हा, ‘पाहा, यांना हे शहर आपले वाटतच नाही,’ असे म्हटले गेले. परंतु संकटात गावाकडे धावणे हा परकेपणाचा पुरावा मानला, तर १९९४ साली निम्मी सुरत परकी ठरेल. मृत्यूची छाया पडली की माणूस आपल्या माणसांकडे धावतो. ज्या शहरात त्याच्या खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण काम थांबताच थांबते, तेथे त्याने कशाच्या भरवशावर राहावे? हा प्रश्न शहराने स्वतःला विचारावयाचा आहे.

केवळ मागे भव्य खूण ठेवल्यानेही शहर आपले होत नाही. कतारगामकडे इंग्रज आणि डच दफनभूमींत घुमट असलेली थडगी आहेत. १६६४ मध्ये इंग्रजांची वखार लढवून राखणारा जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ साली वारला, तो तेथेच विसावला आहे. घुमट मोठे आहेत, परंतु त्यांची माणसे व्यापारासाठी आली आणि व्यापार सरताच गेली. उलट ज्याच्या नावाची पाटी कोठेही नाही अशा एखाद्या सफाई कामगाराच्या श्रमांवर हे शहर रोज सकाळी उभे राहते.

सरकारी खात्यात आयुष्य गेल्यामुळे रहिवासाच्या दाखल्याचे महत्त्व आम्ही जाणतो. शिधापत्रिका, वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, हे सर्व कार्यालयाला हवेच. किती वर्षे राहता, हे कागद सांगतो. कसे राहता, हे मात्र कोणताही कागद सांगत नाही, आणि नीतीचा प्रश्न तेथेच सुरू होतो. त्या दिवंगत दलालाचे घर ज्या कसोटीवर वाचले, तीच आम्हांस अखेर खरी वाटते. शहरावरचा हक्क आगमनाच्या तारखेने मिळत नाही. आपल्या वागण्याने तो पुन्हापुन्हा मिळवावा लागतो. आधी आलेल्याला एकच गोष्ट अधिक मिळते, ती म्हणजे शहराचे अधिक ऋण.

ते फेडण्याचे मार्ग दूर नाहीत. या महानगराची प्राथमिक शिक्षण समिती मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दू अशा भाषांतही शाळा चालविते. मजुराच्या मुलाला त्याच्या मायबोलीत अक्षरओळख व्हावी, एवढे औदार्य नगरपालिकेला सुचले. मग आपल्या साहित्यसभेच्या व्यासपीठावर अहिराणीला खुर्ची मिळू नये काय? लिंबायतच्या शाळेतील मुलांना आपल्या ग्रंथालयाचे सभासदत्व देता येणार नाही काय? आणि आपल्या नातवंडांना १६६४ ची गोष्ट सांगताना तापीपार पळालेल्या त्या बायकामुलांविषयीही दोन वाक्ये सांगता येणार नाहीत काय? त्याने महाराजांची थोरवी उणी होत नाही. ऐकणाऱ्याचे मन मात्र मोठे होते.

सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय मुघलसराईत आहे. १६४४ मध्ये बांधलेली ही वास्तू मूळची यात्रेकरूंची धर्मशाळा. पुढे तेथे तुरुंग झाला आणि १८६७ पासून नगरपालिका आली. आपण जुने असू वा नवे, घरपट्टी भरावयाची, जन्माची नोंद करावयाची, ती याच सराईच्या दारातून आत जाऊन. वाटसरूंसाठी बांधलेल्या घरातून ज्या शहराचा कारभार चालतो, तेथे आपण कायमचे धनी आहोत असे कोणी मानू नये. आपल्या आधी येथे कोणी उतरून गेले, आपल्या मागून कोणी येणार आहेत. त्यांना जागा स्वच्छ मिळावी आणि दार उघडे मिळावे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.