निष्कर्षाची हद्द

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे चार शब्द उच्चारले की वाद मिटावा, अशी आजकाल बोलणाऱ्याची अपेक्षा असते. खडेबाजारातील दुकानाच्या कट्ट्यापासून व्याख्यानमालेच्या व्यासपीठापर्यंत हे वाक्य सारख्याच विश्वासाने ऐकू येते. पूर्वी ही जागा आप्तवाक्याची होती. मात्र आप्त कोणास म्हणावे, याची चिकित्सा आपल्या नैयायिकांनी बारकाईने केली होती. संशोधनाच्या बाबतीत तेवढी चिकित्सा आपण करतो काय? प्रयोगातून निष्कर्ष काढणे हा केवळ बुद्धीचा व्यवहार नसून तो नीतीचाही व्यवहार आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रारंभ शेतीपासून करू. महसूल खात्याशी संबंध आलेल्यांना पीक कापणी प्रयोग परिचित असतो. यदृच्छेने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापतात, मळतात, तोलतात आणि त्यावरून साऱ्या भागाचे सरासरी उत्पन्न ठरवितात. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते. कारण साधे आहे. आखणीच्या रेषेवर जी ताटे येतात, ती आत धरण्याकडे माणसाचा हात वळतो; आणि तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा मोठा. येथे कोणी लबाडी केलेली नसते, तरीही उत्तर चुकते. आज पीक विम्याची भरपाई अशाच प्रयोगांवर ठरते. कडेची चार ताटे आत घेतली गेली, तर ज्या शेतकऱ्याचे पीक खरोखर बुडाले त्याच्या हक्काचे पैसे बुडू शकतात. मोजणाऱ्याच्या बेसावधपणाची किंमत मोजणारा क्वचितच भरतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या परंतु औषध नसलेल्या. कोणती गोळी कोणाला दिली, हे देणाऱ्या परिचारिकेलाही ठाऊक नव्हते. रक्तस्राव नजरेच्या अंदाजाने न ठरविता, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून मोजला गेला. औषध न मिळालेल्या गटात शंभरातील १२ स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण ६.४ वर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

परंतु त्याआधी, २००१ साली, त्याच नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला होता. नऊ देशांतील रुग्णालयांत अठरा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, मिसोप्रोस्टॉलपेक्षा ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन सरस आहे. वरवर वाचणारा म्हणेल, एक संशोधन औषध चांगले म्हणते, दुसरे कमी प्रतीचे म्हणते; तेव्हा कशावरच विश्वास ठेवू नये. वस्तुतः विरोध मुळीच नाही. रुग्णालयातील प्रश्न होता, ‘दोहोंत उजवे कोणते?’ खेड्यातील प्रश्न होता, ‘जेथे इंजेक्शनची सोय नाही, तेथे गोळीचा उपयोग होतो काय?’ प्रश्न निराळे, म्हणून उत्तरे निराळी. रुग्णालयाचे उत्तर खेड्यावर लादले असते तर एक उपयुक्त औषध हातचे गेले असते; खेड्याचे उत्तर रुग्णालयात नेले असते तर तेथील बाळंतिणींना दुय्यम उपचार मिळाला असता. शिवाय या औषधाने मृत्यू किती टळतात, हे १,६२० बाळंतपणांवरून सांगणे शक्य नव्हते. जेवढे मोजले तेवढेच सांगावे, हे येथेही लागू होते.

या प्रयोगातील निम्म्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी मिळाली, हे आम्ही विसरू शकत नाही. त्यांच्या संमतीवाचून तुलनाच झाली नसती. म्हणून असा निष्कर्ष ही त्या स्त्रियांची आपल्यापाशी असलेली ठेव होय. ठेव ठेवणाऱ्याने जेवढी ठेवली तेवढीच ती असते. ती फुगवून सांगणे ही अफरातफर, आणि सोयीची नाही म्हणून नाकारणे हाही विश्वासघातच.

नाकारण्याचा मोह कोठे होतो? जेथे श्रद्धा आहे तेथे आणि जेथे पोट आहे तेथे. पहिल्याचे उदाहरण पुण्याचे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या व ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकाला ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, एवढेच विचारले होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे धाडली. नाणेफेक केली तरी सरासरी वीस उत्तरे बरोबर यावीत; ज्योतिषांची सरासरी त्याहूनही थोडी कमी भरली. या प्रयोगाने ज्योतिषातील प्रत्येक विधान खोटे ठरले, असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु कुंडलीवरून मुलाची बुद्धी कळते या दाव्याला येथे आधार मिळाला नाही, हे मात्र स्पष्टपणे मान्य करावयास हवे. मर्यादेचे निमित्त करून सारेच उडवून लावणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

दुसरे उदाहरण निपाणी भागाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. तंबाखूने येथील कित्येक संसार उभे केले. १९८१ च्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. अशा मुलखात तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध उच्चारणे सोपे नाही. त्यातून येथे मिसोप्रोस्टॉलसारखा प्रयोगही करता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना विडी ओढावयास कोण लावील? १९५० साली डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची तुलना करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, तेव्हा यदृच्छ प्रयोगपद्धतीचे जनक रोनाल्ड फिशर यांनीच हरकत घेतली. आनुवंशिक घडणच धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग दोन्ही निर्माण करीत नसेल कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्या न्यायशास्त्रात यालाच उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. ओले इंधन ही तेथील उपाधी. फिशर यांची शंका तर्कशुद्ध होती. परंतु पुढे ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला. जो जितके अधिक ओढी तितका त्याला धोका अधिक, सोडणाऱ्याचा धोका घटत जाई, आणि निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून तेच दिसून आले. उपाधीला जागा उरली नाही. त्यानंतरही शंकेला चिकटून राहणे ही चिकित्सा नसून सोय ठरते.

तथापि तंबाखू घातक आहे, एवढेच संशोधन सांगते. उद्या तंबाखूचे पीक थांबले तर त्या शेतात काय पिकवावे, विड्या वळून घर चालविणाऱ्या स्त्रीने कोणता धंदा धरावा, याचे उत्तर कर्करोगाच्या कोणत्याही आकडेवारीत नाही. ‘काय आहे’ यावरून ‘काय करावे’ हे आपोआप निघत नाही. तेथे न्यायबुद्धी आणि करुणा यांची गरज लागते. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे म्हणून पहिले उत्तर खोटे ठरविण्याचा अधिकार आम्हांला पोहोचत नाही. निष्कर्ष त्याच्या हद्दीपर्यंत पूर्णपणे स्वीकारावा, आणि हद्दीपलीकडची जबाबदारी आपली स्वतःची आहे असे मानून ती उचलावी, हेच आमच्या मते सुज्ञ समाजाचे लक्षण होय.