मागणारा कोण, देणे कशाचे?

"तुमचा हप्ता थकला आहे. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात येतील." असा फोन आज कोणालाही येऊ शकतो. ज्याने कर्ज घेतले आहे त्याला येतो, ज्याने कधीच घेतले नाही त्यालाही येतो, आणि ज्याने मित्राच्या अर्जात ओळखीचा माणूस म्हणून केवळ आपला नंबर देऊ दिला त्यालाही येतो. आश्चर्य असे की तिघांच्याही काळजात सारखेच धस्स होते. अशा फसवणुकीबद्दल आपण सहसा तांत्रिक सावधगिरीच्या भाषेत बोलतो: ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. तो सल्ला योग्यच आहे, पण त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न अनुत्तरित राहतो. कोणी आपल्याकडे देणे मागत असेल तर त्याच्यावर संशय घेणे, त्याच्याकडे पुरावा मागणे, हे सचोटीला कमीपणा आणणारे आहे का? अनेक सज्जन माणसांना मनोमन तसे वाटते, आणि भामट्याचा सारा धंदा त्या वाटण्यावर चालतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पुरावा मागणे हा देणे फेडण्याच्या धर्माचाच एक भाग आहे, आणि तो वगळून केलेली फेड ही फेडच नव्हे.

आधी ही फसवणूक कशाच्या बळावर चालते ते पाहू. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. पोलिसांच्या तपासानुसार तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात. बोलणारा स्वतःला तिथल्या कर खात्याचा अधिकारी म्हणवून घेई, कर थकल्याचे सांगे, अटकेची भीती घाली आणि गिफ्ट कार्डांच्या रूपाने पैसे वसूल करी. आपल्याकडच्या लोन ॲपांनी हेच तंत्र अधिक क्रूर केले. सात दिवसांसाठी चार-पाच हजार रुपये द्यायचे, त्या बदल्यात फोनमधले सगळे संपर्क आणि छायाचित्रे ओढून घ्यायची, आणि मग नातेवाइकांना, सहकाऱ्यांना विकृत केलेली चित्रे पाठवत सुटायचे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे अकराशे ॲप आढळली आणि त्यांपैकी सहाशे बेकायदा होती. २०२० च्या अखेरीस तेलंगणात अशा छळापायी काही जणांनी जीव दिला. लॉटरी लागल्याचा फोन माणसाच्या लोभाला हात घालतो. हा फोन मात्र त्याच्या सदसद्विवेकाला हात घालतो. निर्ढावलेला बुडव्या असा फोन हसून ठेवून देतो. ज्याला कोणाचे देणे राहू नये असे मनापासून वाटते, तोच हादरतो.

हा हादरा इतका खोल का जातो? आपल्या धर्मविचारात ऋण ही केवळ पैशाची बाब कधीच नव्हती. तैत्तिरीय संहितेत असा विचार येतो की ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. पुढे ही कल्पना वर्णाच्या चौकटीबाहेर पडून सर्वसामान्य झाली. न मागता, न घेता, केवळ जन्मल्यामुळे आपण कोणाचे तरी देणेकरी आहोत ही जाणीव उदात्त आहे. कृतज्ञता तिच्यातूनच उगवते. तिच्याच शेजारी दुसरी धारणा उभी राहिली, ती बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य असल्याची. हिंदू कायद्यात ही धारणा २००५ पर्यंत टिकली. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलावर, नातवावर किंवा पणतवावर दावा लावता येत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती राहते. पण कायद्याने सोडले तरी मन सोडत नाही. म्हणून "तुमच्या वडिलांनी काढलेले कर्ज" एवढे शब्द कानी पडताच मुलगा शहानिशा न करता पाकीट उघडतो. न घेतलेल्या कर्जाचेही ओझे वाटून घेण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग परंपराच दोषी ठरली. तसे नाही, कारण ज्या ग्रंथांनी फेडीचे कर्तव्य सांगितले, त्यांनीच मागणाऱ्यावरही बंधने घातली. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की ऋणकोने अंशतः रक्कम दिली की ती कर्जखताच्या पाठीवर लिहावी, किंवा धनकोने स्वतःच्या हातची पावती द्यावी. आणि पूर्ण फेड झाली की ते खत फाडून टाकावे किंवा फेडीचा स्वतंत्र लेख करून घ्यावा. दारू, जुगार, विषयासक्ती यांपायी बापाने केलेले कर्ज मुलाने फेडायचे नाही, हेही तिथेच आहे. म्हणजे बापाच्या नावाने मागितलेली रक्कम देण्याआधी ती कशासाठी घेतली होती हे विचारणे मुलाला भागच होते. मनुस्मृती तर खरे देणे नाकारणारा आणि खोटे देणे मागणारा या दोघांनाही अधर्मी ठरवते आणि दोघांनाही त्या रकमेच्या दुप्पट दंड सांगते. ही बरोबरी मला फार महत्त्वाची वाटते. आपण देणे बुडवण्याला पाप म्हणायला शिकलो, पण खोटे मागणे हे तितकेच पाप आहे आणि त्याला मान तुकवणे म्हणजे त्या पापाला वाट करून देणे आहे, हे शिकायचे राहून गेले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. याच स्मृतींनी वर्णानुसार व्याजाचे दर ठरवले, आणि वसुलीसाठी सावकाराला युक्ती, धरणे, बळ वापरायची मुभाही दिली. मग त्यांचा आधार आज कसा घ्यायचा? माझे उत्तर असे की तो भाग आपण सोडून द्यायचा, संकोच न करता. माणसामाणसांत भेद करणारा व्याजदर न्याय्य नव्हता आणि मारून-मुटकून केलेली वसुलीही न्याय्य नव्हती. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये: याज्ञवल्क्याने सावकाराला दिलेली स्वतः वसुली करण्याची मुभासुद्धा कबूल झालेल्या देण्यापुरती आहे. जिथे बळ मान्य होते तिथेही देणे आधी सिद्ध व्हावे लागे. आणि पुराव्याचा प्रश्न महाराष्ट्राने केवळ ग्रंथांतून शिकलेला नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. निरक्षर माणसाचा अंगठा घेतलेले ते कागद मिळवून त्यांनी जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायालयाला नुसता रोखा न पाहता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासायला लावले आणि शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. पुढ्यात ठेवलेला कागद म्हणजे सत्य नव्हे, हा धडा या मातीने जबर किंमत मोजून घेतला आहे. आज मोबाइलवर येणारी शिक्क्यासह नोटीस हा तसाच एक कागद आहे.

मग पुरावा मागायचा तो कसा? खऱ्या देण्याच्या तीन खुणा असतात: ज्याचे पैसे आहेत तो ओळखू येणारा धनको, पैसे कधी व कशासाठी घेतले याचा उगम, आणि फेडल्यावर मिळणारी पावती. फोनवर बोलणाऱ्याला याच तीन गोष्टी विचाराव्यात: संस्थेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक, लेखी तपशील. मग फोन ठेवून द्यावा आणि त्याने दिलेल्या नंबरावर नव्हे, तर पासबुकावरच्या किंवा शाखेतून मिळवलेल्या नंबरावर संस्थेशी स्वतः संपर्क साधावा. आपल्या नावावर कोणते कर्ज नोंदले आहे हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात दिसते आणि प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास, धमकावण्यास, चारचौघांत अपमान करण्यास आणि नातेवाईक-मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसण्यास वसुली एजंटांना मनाई केली. त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात जावा असे ठरवले. म्हणून कोणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर आत्ताच्या आत्ता पैसे मागणारा माणूस बोलण्यात कितीही अधिकारी वाटला तरी तिथेच थांबावे. धमकीचे संदेश, नंबर आणि रेकॉर्डिंग जपून ठेवावे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसालाही १९७७ च्या तिथल्या कायद्याने वसुली करणाऱ्याकडून देण्याचा लेखी तपशील मिळण्याचा आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांत देणे अमान्य असल्याचे लेखी कळवण्याचा हक्क दिलेला आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. पुरावा मागा असे सांगत सुटलो तर खरे कर्ज बुडवणाऱ्यांच्या हाती आयती सबब पडेल. आधीच कर्ज बुडवणे ही काहींची कला झाली आहे. ही भीती खोटी नाही. पण चौकशी आणि टाळाटाळ यांतला फरक ओळखणे अवघड नसते. चौकशी करणाऱ्याला उत्तर हवे असते आणि उत्तर पटले की तो पैसे देतो; टाळणाऱ्याला उत्तर नकोच असते. शिवाय खऱ्या धनकोचे हितही चौकशीतच आहे. ज्याचा हप्ता खरोखर थकला आहे त्याने भामट्याला दहा हजार रुपये दिले तर त्याचे कर्ज एका रुपयानेही कमी होत नाही. उलट ज्याला ते पैसे मिळायला हवे होते त्याच्यावर अन्याय होतो. देणे हे एका विशिष्ट माणसाचे किंवा संस्थेचे असते. ते वाटेल त्याच्या हाती टेकवून मोकळे होता येत नाही. म्हणून ज्याला फेडीचे कर्तव्य जितके पवित्र वाटते, त्याने मागणाऱ्याची ओळख तितकीच कसून पटवली पाहिजे.

दोन लहान आक्षेप याच्याच पोटात येतात. "कर नाही त्याला डर कशाला" असे म्हणून काही जण फोनवर सगळे खरेखरे सांगून टाकतात: नोकरी कुठे, खाते कोणत्या बँकेत, मित्राचा पत्ता काय. त्यांनी महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक आठवावा. नेहमी सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने लपलेल्या लोकांचा ठाव दरोडेखोरांना खरा सांगितला, त्यांची हत्या झाली आणि तो नरकात गेला. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो ती सत्य क्षुल्लक आहे म्हणून नव्हे, तर सत्य कोणाच्या हाती देतो आहोत याचीही जबाबदारी आपलीच असते म्हणून. दुसरे काही जण म्हणतात, दोन-पाच हजारांचा प्रश्न आहे, देऊन शांतता विकत घेऊ. पण ती शांतता मिळत नाही. खरे देणे दिल्याने घटते, खोटे देणे दिल्याने वाढते. कारण पहिल्या रकमेने मागणाऱ्याला एवढेच कळते की हा माणूस घाबरतो. आणि ती रक्कम पुढच्या घरात वाजणाऱ्या फोनचे भांडवल बनते.

जो फसला त्याला मूर्ख किंवा लोभी ठरवण्याची घाई आपण करतो, तेही थांबायला हवे. अब्रूच्या धाकाने तो गप्प राहतो, घरात सांगत नाही, आणि त्या गप्प बसण्यामुळेच वसुलीवाल्याची पकड घट्ट होते. ज्याने खरोखर कर्ज घेतले आणि जो आज फेडू शकत नाही, त्याचीही अब्रू कोणाकडे गहाण पडलेली नसते. थकलेला हप्ता ही पैशाची बाब आहे, तिचा निवाडा न्यायालय करील. त्यापायी त्याच्या बायकोचे छायाचित्र विद्रूप करण्याचा अधिकार कोणालाही नाही. घरात ही गोष्ट मोकळेपणाने बोलता येणे, म्हाताऱ्या आईला "असा फोन आला तर आधी मला सांग, मी रागावणार नाही" असा दिलासा असणे, हे कोणत्याही ॲपपेक्षा मोठे संरक्षण आहे. पुरावा मागण्याच्या सवयीने समाजातला विश्वास आटेल अशी चिंताही कोणी करू नये. विश्वास आटतो तो विचारल्याने नव्हे, तर विचारायची सोय नसताना फसल्याने.

शेवटी तुकारामांचा दाखला द्यावासा वाटतो. घरी महाजनकी असलेल्या तुकारामांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. ते त्यांना करता आले, कारण ते पैसे खरोखर त्यांचे होते. ज्याचे खरे घेणे असते त्याला मुदत वाढवून देता येते, तडजोड करता येते, सूट देता येते, प्रसंगी सगळे सोडूनही देता येते. फोनवरच्या भामट्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यापाशी सोडून देण्याजोगे काही नसतेच, असते ती फक्त घाई आणि धमकी. ज्याला ते देणे माफ करण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्याकडे तसा अधिकार आहे त्याने ज्याला नेमलेलेही नाही, त्याला ते मागण्याचाही अधिकार नाही. अशा माणसाला निर्धास्तपणे नकार द्यावा. तो नकार देताना आपण ऋण विसरत नाही. ज्याचे आहे त्यालाच ते पोचावे म्हणून राखून ठेवतो.