वर बसलेल्याचं काय जातं?

माणूस झाडावरून खाली उतरला त्याला लाखो वर्षं झाली, असं शास्त्रज्ञ सांगतात. मला ते फारसं पटत नाही. तो पाय मोकळे करायला उतरला असावा. जरा सवड मिळाली की पुन्हा वर चढून बसतो. राजा सिंहासनावर, न्यायाधीश उंच खुर्चीवर, अध्यक्ष व्यासपीठावर आणि टेनिसचा पंच चक्क शिडीवर. आमच्या बँकेच्या धंद्यातही जुन्या शाखांमधून काउंटरमागची जमीन वीतभर उंच केलेली असे. खातेदारानं मान वर करून शिल्लक विचारायची आणि आम्ही मान खाली घालून उद्या या म्हणायचं!

वर बसलं की दोन गोष्टी साधतात. आपल्याला खालचं सगळं दिसतं आणि खालच्याला आपण दिसत नाही. या दोन गोष्टींवर जगातली निम्मी सत्ता आणि जवळजवळ सगळी शिकार चालते.

माझा एक भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे नोव्हेंबरात बंदुकीनं हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम असतो. भाच्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्यालाही नेऊन झाडावर बसवलं. आजवर लोकांनी त्याला हरभऱ्याच्याच झाडावर चढवलं होतं. हे पहिलंच खरं झाड. त्यासाठी त्यानं एक घडीचं मचाण विकत घेतलं. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पाय ठेवायची जाळी, तिच्यावर एक बैठक आणि हे सगळं खोडाला आवळायला पट्टा. पाठीवर टाकून न्यायचं आणि पंधरा-वीस फुटांवर टांगायचं. आपल्याकडे पूर्वी झाडाच्या बेचक्यात बाज बांधत, तिचाच हा परदेशी चुलत भाऊ.

त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका भाच्यानं मला फोनवर वाचून दाखवली. इतकी सावध भाषा मी कर्जाच्या करारनाम्याखेरीज कुठे ऐकली नव्हती. झाड जिवंत, सरळ आणि निरोगी हवं. वाळकं किंवा पोकळ नको. पट्टे दर वर्षी तपासा. मोसम संपला की मचाण काढून घ्या, कारण झाड वाढतं, पट्टा वाढत नाही. जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत स्वतःला झाडाशी बांधून ठेवा. बंदूक घेऊन चढू नका. रिकामी बंदूक मागाहून दोरीनं वर ओढा. वाऱ्याचा रोख बघून बसा. हे सगळं विनाकारण नाही. तिकडे शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत मचाणावरून पडण्याचा वाटा मोठा आहे. हरणाच्या सुरक्षिततेबद्दल मात्र पुस्तिकेत अवाक्षर नाही. ते ओघानंच आलं.

मी विचारलं, "पण हे न्यायाचं आहे का रे? त्या बिचाऱ्याला वर बघायची सवय नाही, तुझा वास त्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि तू वरून गोळी घालणार!"

तो म्हणाला, "मामा, वरून मारलेली गोळी जमिनीत जाते, पलीकडच्या माणसाला लागत नाही. आणि निवांत बसलेला माणूस नेम चुकवत नाही. धावत्या हरणावर गोळ्या झाडून त्याला लंगडं करण्यापेक्षा हे बरं नाही का?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी फोन कट होतोय असं म्हणालो.

प्रश्न तसा जुनाच आहे. वालीनं मरता मरता रामाला हेच विचारलं होतं, की आडून बाण का मारलास? वाल्मीकींच्या रामानं दिलेल्या उत्तरांत एक असं आहे की, माणसं पशूंना लपून, जाळी लावून, फासे टाकून मारतातच. आणि तू तर शाखामृग. म्हणजे आडून मारावं की मारू नये हा प्रश्न अखेर, मरणारा कोण आहे, यावर येऊन ठेपला. प्रत्यक्ष रामालाही युक्तिवाद करावा लागला, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळतं.

पण मचाणाचा खरा नायक आपल्याकडे दुसराच आहे. श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'च्या दुसऱ्या अध्यायातला व्याध. शिवरात्रीची रात्र, पाणवठ्याकाठी बेलाचं झाड आणि त्यावर हा उपाशी बसलेला. नीट दिसावं म्हणून आडवी येणारी पानं खुडून खाली टाकतो, आणि ती नेमकी पिंडीवर पडतात. हरणं येतात, बोलतात, घरचं आटपून परत येतो असं वचन देऊन जातात. पहाटे खरोखरच परत येतात. तोवर याची मारायची इच्छाच विझून गेलेली असते. लोक म्हणतात बेलाच्या पानांनी पुण्य लागलं. मला वाटतं, पुण्य लागलं ते बाण सोडण्याआधी हरणाचं बोलणं ऐकून घेतलं म्हणून. उंचीनं त्याला नेम दिला होता, तसा वेळही दिला होता. त्यानं वेळ वापरला.

आता तुम्ही म्हणाल, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही बंद झाली. मग मचाणाची चर्चा हवी कशाला? आज मचाणावर बसायचं ते बुद्धपौर्णिमेला, अभयारण्यातल्या पाणवठ्यावर, हातात वही घेऊन. आलेला प्राणी मोजायचा, टिपून ठेवायचा आणि सकाळी पोहे खाऊन घरी जायचं. हा मचाणाचा सर्वांत निष्पाप अवतार.

पण याच अभयारण्यांपैकी एक असलेल्या भीमाशंकराच्या डोंगरावरून आंबेगावात खाली उतरा, तिथून जुन्नरकडे वळा, म्हणजे मचाण कसं उलटं झालंय ते दिसेल. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज अशी धरणं झाली, कालवे आले आणि कालव्यांमागून ऊस आला. ऊस दीड पुरुष वाढतो. आत सावली, गारवा, पाणी, डुकरं आणि बाहेर गावची कुत्री. बिबट्याला आणखी काय पाहिजे? मादी तिथेच विते, आणि तोडणी आली की टोळीतल्या बायकांना सरीत बछडी सापडतात. म्हणजे ज्याला सगळं दिसतं आणि जो कुणाला दिसत नाही, अशा जागी आता बिबट्या बसलाय. आणि हरणाच्या जागी आपण. बरं, माणसानं झाडावर चढावं तर तिथेही हा आपल्यापेक्षा चपळ. रुद्रप्रयागच्या नरभक्षकासाठी जिम कॉर्बेट १९२६ साली आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसला, त्याच्या धैर्याची खरी किंमत इथे कळते. त्या बिबट्यानं सव्वाशे माणसं खाल्ली होती आणि झाडावर चढणं त्याला अवघड नव्हतं.

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, एक म्हातारी गेली. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी नेमबाज आणून एक बिबट्या मारावा लागला. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला मतं फुटली. अर्धा महाराष्ट्र म्हणाला, सगळे मारून टाका. उरलेला म्हणाला, जंगल त्यांचं आहे, माणसानंच हटावं. दोन्ही मतं पुण्या-मुंबईच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून आली होती. वर बसलेल्याचं काय जातं?

मध्यममार्गी म्हणाले, मारू नका, पकडून लांब सोडा. हा प्रयोग होऊन गेला आहे. १९९३ ते २००१ मध्ये जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मग मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, आणि सरासरी सतरावर गेली! विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हा हिशेब मांडला. आपल्या गावचा बिबट्या दुसऱ्याच्या गावी सोडणं म्हणजे बुडीत कर्ज दुसऱ्या शाखेच्या खात्यावर टाकण्यासारखं आहे. आपला ताळेबंद स्वच्छ दिसतो, रक्कम बुडायची ती बुडतेच. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजरे आहेत, पण पिंजऱ्यांनाही शेवट असतो.

नारायणगावकडचे एक ऊसवाले खातेदार आहेत. त्यांना मी मारावं की जगवावं, हा तात्त्विक प्रश्न घातला. ते पासबुक पिशवीत ठेवता ठेवता म्हणाले, "सायेब, वाघराचं आन् माझं काय वैर नाय. पर लाईट येती रातच्याला. बारं द्यायला वाकतो मी, आन् वाकल्याला माणूस त्याला शेरडावानी दिसतो. मारा म्हननारं आन् जगवा म्हननारं, दोघंबी तवा झोपल्यालं असत्यात."

एवढं बोलून ते निघून गेले. तत्त्वज्ञानावरचं इतकं थोडक्यात भाषण मी ऐकलेलं नाही.

मी काही तत्त्वज्ञ नाही, बी. कॉम. आहे. पण आमच्या धंद्यात एक सोय आहे, ती नीतिशास्त्रवाल्यांनी उचलायला हरकत नाही. कर्ज मागणाऱ्याबद्दल "माणूस सोन्यासारखा आहे हो" असं सांगणारे शंभर भेटतात. आम्ही त्यांना एवढंच म्हणतो, की जामीनदार म्हणून सही करा. शंभरातले नव्याण्णव चष्मा घरी विसरलेले असतात. उरलेल्या एकाचं मत आम्ही धरतो, कारण ते चुकलं तर त्याचंही काहीतरी जाणार असतं.

बिबट्याबद्दलचं मतही असंच घ्यावं. जगवा म्हणणाऱ्यानं शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, गोठ्याला बंदिस्त जाळी बसावी, गेलेल्या शेळीची भरपाई वेळेवर यावी, यासाठी आपल्या खिशातून किंवा निदान आपल्या मतातून काही द्यावं. मारा म्हणणाऱ्यानं कोणता मारायचा ते रात्री उसाच्या बांधावर उभं राहून सांगावं. कारण माणूस मारणारा एक असतो आणि समोर येईल तो वेगळाच असू शकतो. आणि लांब सोडा म्हणणाऱ्यानं आधी आपल्या तालुक्याचं नाव द्यावं.

मचाण निवडताना झाड बघा, पट्टा बघा, वारा बघा, असं पुस्तिका सांगते. बसणाऱ्याचं काय पणाला लागलंय तेही बघा, एवढीच ओळ मी तिच्यात घालीन. मत कुणालाही द्यावं, कितीही उंचावरून द्यावं. सही करायला मात्र खाली उतरावं लागतं. झाडावर टेबल नसतं.