सब्र कुणी करायचा?

गोष्टीतले माणूस मेले म्हणून रडणाऱ्याला आपल्या घरांत वेड्यातच काढतात. 'किताबातली मय्यत ती, तिचा ना जनाजा ना माती, आणि तू कसला रडतोस?' असे म्हणून वडीलधारी मंडळी हसतात. हसू द्या. पण त्या हसण्यामागे एक खरा सवाल दडलेला आहे. जे माणूस कधी जन्मालाच आले नाही त्याच्यासाठी आपले डोळे भरून येतात. आणि सख्ख्या माणसाची मय्यत घरात असते तेव्हा मात्र 'सब्र करो, सब्र करो' म्हणत आपण एकमेकांना गप्प करत असतो. यातले खरे रडणे कोणते? आणि सब्र म्हणजे नेमके काय, गप्प बसणे की आणखी काही?

आम्हा नाशिककरांना हा सवाल टाळता येत नाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. रोज सकाळी गोदाकाठी कुणाचे ना कुणाचे दुःख येऊन टेकलेले असते. रिक्षावाला, चहावाला, फुलवाला सगळ्यांना त्याची सवय झाली आहे. मराठीतल्या शोकाच्या दोन मोठ्या कलाकृतींचे धागेही याच गावाशी बांधलेले आहेत. एक तुरुंगात लिहिली गेली, दुसरीचा लेखक इथल्या गल्लीबोळांत हयात घालवून गेला.

पहिली 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला हाती घेतली आणि १३ फेब्रुवारीला पुरी केली. पाच दिवस! पण हे पुस्तक पाच दिवसांचे नव्हे. गुरुजींची आई १९१७ साली गेली होती. म्हणजे मधली पंधरा-सोळा वर्षे ते दुःख आत कुठेतरी शिजत होते. इस्लामी संस्कृतीवरही ज्यांनी मनापासून लिहिले त्या गुरुजींचे हे पुस्तक आपल्या घरांतूनही वाचले जाते. ते बहुतेक वेळा आईच्या संस्कारांचे पुस्तक म्हणून वाचले जाते, शाळेत बक्षीस म्हणून दिले जाते. त्यामुळे एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. हे पुस्तक एका मुलाच्या न फिटलेल्या शोकाचे आहे. श्याम आईच्या शेवटच्या क्षणी जवळ नव्हता. तो घरी पोहोचला तेव्हा आईची राख झाली होती. ज्यांच्या घरचा पोरगा आखाती देशात नोकरीला आहे आणि आईच्या मातीला पोहोचू शकला नाही, त्यांना हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

मग श्याम काय करतो? तो सांगतो. बेचाळीस रात्री सांगतो. आश्रमातले सवंगडी प्रार्थना झाली की बसतात आणि श्याम एकेक आठवण काढतो. आपले लक्ष श्यामकडे असते, ते साहजिकच आहे. पण आम्हाला अलीकडे त्या श्रोत्यांचे जास्त अप्रूप वाटते. दिवसभर राबलेली माणसे ती. एका माणसाच्या मेलेल्या आईविषयी रोज रात्री ऐकायला बसतात, आणि 'झाले आता, किती दिवस तेच तेच' असे कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

याच्या उलट टोकाला अंतोन चेखवचा घोडागाडीवाला योना आहे. ही गोष्ट १८८६ सालची. त्याचा जवान पोरगा त्याच आठवड्यात वारला आहे. बर्फ पडते आहे, गाडी हाकणे चालू आहे, आणि योनाला फक्त कुणाला तरी सांगायचे आहे. पोरगा आजारी कसा पडला, जाताना काय म्हणाला, दवाखान्यातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो. गिऱ्हाईक बसते, त्याला पोहोचायची घाई असते. दुसरी तीन पोरे बसतात, ती शिव्या देतात, हसतात. एक तरुण गाडीवाला भेटतो, त्याला योना सांगू लागतो तर तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपी जातो. शेवटी योना तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सगळे सांगतो. घोडी चघळते, ऐकते, त्याच्या हातावर श्वास सोडते.

योनाने सब्र केला नाही असे कोण म्हणेल? पोरगा गेला तरी तो कामावर आहे. तो ईश्वराला शिव्या देत नाही, आपल्याऐवजी मौत पोराच्या दाराशी गेली, एवढेच तो चकित होऊन म्हणतो. कमी पडले ते शहर. आणि इथेच आमचे म्हणणे काय ते सांगून टाकतो. शोकाची नैतिकता आपण नेहमी शोक करणाऱ्याकडून मागतो. त्याने किती रडावे, कधी थांबावे, तोंडातून कोणता शब्द काढू नये. हा हिशेब बाजूला बसलेल्यांकडूनही घ्यायला हवा.

सब्राचा अर्थ आपल्याकडे फार तोकडा झाला आहे. हजरत याकूब हे 'सब्रे जमील'चे, म्हणजे सुंदर धीराचे, उदाहरण म्हणून सांगितले जातात. पण यूसुफच्या वियोगात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, हेही कुरआनच्या त्याच सूरेत आहे. घरातली पोरे त्यांना टोकतात, किती दिवस यूसुफ यूसुफ करणार? त्यावर, मी माझे दुःख अल्लाहपाशीच मांडतो आहे, अशा अर्थाचे ते बोलतात. म्हणजे दृष्टी जाईपर्यंत रडणारा माणूस आणि सुंदर सब्र करणारा माणूस एकच आहे! पैगंबरसाहेबांचा तान्हा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहिले. सोबत्यांना नवल वाटले. डोळा रडतो, दिल दुखावते, पण रबला पसंत नसेल ते जिभेवर येणार नाही, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. ज्या काळात हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले त्या सालाला इतिहासात 'दुःखाचे साल' हे नावच पडले. आणि साल सरले म्हणून दुःख सरले नाही. पुढे कितीतरी वर्षे घरात बकरे कापले की खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा जात असे, त्यांची आठवण निघत असे, इतकी की हजरत आयेशांना त्या न पाहिलेल्या सवतीचा हेवा वाटे. आपल्या समाजातल्या एखाद्या विधुराने दुसऱ्या निकाहानंतर पहिल्या बायकोचे असे नाव घेतले तर त्याला काय काय ऐकावे लागेल, याची कल्पना करून पाहावी.

आणखी एक हदीस आठवते. एक बाई कबरीपाशी बसून रडत होती. पैगंबरसाहेबांनी तिला सब्र करायला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही, आणि माझ्यावर कोसळले ते तुमच्यावर कुठे कोसळले आहे, असे म्हणून त्यांना चक्क जायला सांगितले. ते गेले. रागावले नाहीत, वाद घातला नाही. मागाहून तिला कळले, ती दाराशी माफी मागायला आली, तेव्हा खरा सब्र पहिल्या आघाताच्या वेळचा, असे त्यांनी सांगितले. व्याख्यानांतून या हदीसचा शेवट तेवढा सांगतात. मधले ते निमूट निघून जाणे मात्र राहून जाते.

आता प्रेमचंदांच्या 'ईदगाह'कडे वळू. हमीदचा चिमटा सगळ्यांना पाठ आहे. मित्र खेळणी आणि मिठाई घेतात, हमीद तीन पैशांत दादीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावर तिची बोटे भाजतात. आम्हाला सांगायचे आहे ते अमीनाविषयी. तिचा मुलगा कॉलऱ्यात गेला, पाठोपाठ सून पिवळी पडत पडत गेली. नातवाला तिने सांगितले आहे की अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरी छान छान वस्तू आणायला गेली आहे. हे खोटे आहे. मग अमीना गुनहगार ठरते का? एखादा कडवा नीतिवादी म्हणेल, ठरते. आम्हाला तसे वाटत नाही, पण त्याचे कारण 'मूल लहान आहे' एवढेच नाही. अमीना दोन माणसांचा शोक एकटी वाहते आहे. पोराला त्यातला वाटा द्यायचा नाही, हे तिने ठरवले आहे. त्या खोट्याची किंमत ती स्वतः मोजते. ईदच्या सकाळी घरात दाणा नाही म्हणून ती कोठडीत एकटी रडते, पोरासमोर रडत नाही.

अशा माणसाचे दुःख बाहेर येते ते भलत्याच वाटेने. हमीद चिमटा घेऊन येतो तेव्हा अमीना आधी चिडते, की उपाशी राहिलास आणि हे लोखंड आणलेस! मग तिला उमगते आणि ती हुंदके देते. प्रेमचंदांनी तिथे मोठी गंमत केली आहे, म्हातारी लहान मूल झाली आणि मूल म्हातारे झाले. आम्ही म्हणू, ते अश्रू चिमट्याचे नव्हेतच सगळे. काही मुलाचे होते, काही सुनेचे. इतकी वर्षे त्यांना निमित्त मिळाले नव्हते.

नाशिकची दुसरी कलाकृती म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट'. डिसेंबर १९७० मध्ये ते रंगभूमीवर आले, श्रीराम लागूंनी पहिला बेलवलकर उभा केला. या नाटकाची चर्चा 'मुलांनी बापाला घराबाहेर काढले' इथेच थांबते. पण बेलवलकर विधुरही आहे. ज्या कावेरीला तो लाडाने 'सरकार' म्हणतो, ती त्याला सोडून जाते, आणि मग रस्त्यावर उरतो एक म्हातारा. त्याला दुःख सांगायला स्वतःचे शब्द सापडत नाहीत. आयुष्यभर पाठ केलेली राजांची, सेनापतींची, ऑथेल्लोची भाषा तो वापरतो. लोक म्हणतात, म्हातारा नाटकी आहे. तसे नाही. पाठांतर हीच त्याची खरी बोली आहे. आपणही मयतीच्या घरी गेल्यावर स्वतःचे शब्द कुठे बोलतो? पिढ्यांनी घासून दिलेले 'इन्ना लिल्लाह'च कामी येते, कारण ते आपले नसते.

आणि त्या रस्त्यावर त्याच्याजवळ बसतो कोण? राजा, बूटपॉलिशवाला पोरगा. ना नात्याचा, ना जातीचा.

इथे कुणीतरी आम्हाला अडवील, आणि अडवावेच. नाटकात रडून घरी जाणाऱ्याने शेजारच्या बेवेची चौकशी केली का? विल्यम जेम्स या अमेरिकी विचारवंताने १८९० मध्ये हीच तक्रार केली होती. रशियातली एक बाई थिएटरात नाटकातल्या माणसांसाठी रडते आहे, आणि बाहेर तिचा गाडीवान आपल्या जागेवर थंडीने गोठून मरतो आहे, असे चित्र त्याने काढले. चेखवचा योना आणि हा गाडीवान एकमेकांचे सोबती शोभावेत! ही तक्रार खोटी नाही. गोष्टीवर रडणे स्वस्त आहे. त्यात वेळ जातो, बाकी काही जात नाही. पण म्हणून दोष गोष्टीचा होत नाही. योनाची गोष्ट वाचून उठलेल्या माणसाला एवढे तरी कळलेले असते की आपण त्या घाईतल्या गिऱ्हाइकासारखे वागू शकतो. न वाचणाऱ्यालाही ते कळू शकते, नाही असे नाही. पण त्याला उशीर लागतो.

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ. मयतीच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी जेवण पाठवतात. ही फार चांगली रीत आहे आणि तिला आधार आहे. मूताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाले तेव्हा, त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांना आज दुसरे सुचणार नाही, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले होते. पण आपण ही रीत तिसऱ्या दिवशी उलटी फिरवतो. तिजा येतो, मग दसवा, मग चाळिसावा. देगी चढतात, आणि ज्यांच्या घरचे माणूस गेले तेच आता सगळ्या मोहल्ल्याला जेवू घालतात. ऐपत नसेल तर उसनवारी करतात. पाठवलेल्या डब्यांची ही सव्याज वसुलीच म्हणायची! प्रेमचंदांच्याच 'कफन'मध्ये घीसू आणि माधव सुनेच्या कफनाचे पैसे दारूत उडवतात, म्हणून आपण त्यांना नीच म्हणतो. पण घीसूचा सवाल बोचणारा आहे. जिवंतपणी जिला अंग झाकायला चिंधी मिळाली नाही, तिला मेल्यावर नवे कफन हवे, ही कसली रीत? तो दारुडा आहे, आळशी आहे, तरी सवाल त्याचा एकट्याचा राहत नाही.

बायकांचे दुःख आणखी कोंडलेले. मातीला पुरुष जातात. आई दाराच्या चौकटीपर्यंत. बेवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, तो काळ शरीयतने तिला दिलेला आहे. शोकाला मुदत आणि जागा दिली, दोन्ही तिच्या हक्काची, असे आम्ही समजतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत तिच्याभोवती पहारा बसतो. ती हसली का, खिडकीशी उभी राहिली का, कुणाशी फोनवर बोलली. तिला काय वाटते हे विचारायला मात्र क्वचितच कुणी बसते. आणि चाळिसावा उरकला की ती विचारपूसही संपते. दहाव्याच्या दिवशी ज्या दाराशी चपलांना जागा नव्हती, तिथे एक्केचाळिसाव्या दिवशी घरच्यांच्याच तेवढ्या चपला असतात. आत ती बाई असते, आणि सांगण्यासारखे बरेच काही असते. तो आजारी कसा पडला, जाताना काय म्हणाला, दवाखान्यातून त्याचे कपडे कुणी आणले.